शंभर मीटरच्या खालची अरवली

२०२५ च्या अखेरीस अवघ्या ३९ दिवसांच्या अंतराने सर्वोच्च न्यायालयाने अरवली पर्वताविषयी दोन आदेश दिले. २० नोव्हेंबर रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, त्यांच्या निवृत्तीच्या तीन दिवस आधी, अरवलीची एकसमान व्याख्या स्वीकारली. २९ डिसेंबर रोजी नवे सरन्यायाधीश सूर्य कांत यांच्या पीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि तीच व्याख्या स्थगित ठेवली. दरम्यानच्या सव्वा महिन्यात राजस्थान आणि हरियाणात मोर्चे निघाले, समाजमाध्यमांवर ‘अरवली वाचवा’चा गजर झाला आणि अरवलीत नवे खाणपट्टे देऊ नयेत असे निर्देश केंद्राला २४ डिसेंबर रोजी राज्यांना द्यावे लागले. एवढ्या गदारोळाच्या मुळाशी एक आकडा होता: १०० मीटर.

या गदारोळात कायद्याची चर्चा पुष्कळ झाली, राजकारणाची त्याहून अधिक झाली. ज्या डोंगराविषयी हे सारे चालले होते त्यावर काय उगवते, तिथे कोण राहते, पाणी कुठे मुरते आणि वाळू कुठे अडते, याची चर्चा मात्र त्या मानाने थोडीच झाली. वास्तविक शंभर मीटरच्या निकषाची खरी परीक्षा तिथे आहे. वाळवंटाच्या कडेला उभा असलेला डोंगर उंचीवर जगत नाही. तो पायथ्याशी, भेगांत आणि दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत जगतो. नेमक्या याच जागा त्या व्याख्येच्या कक्षेबाहेर राहण्याचा धोका होता.

आधी व्याख्या काय होती ते पाहू. अरवलीच्या जिल्ह्यांत जो भूभाग भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा त्याहून अधिक उंच असेल, तो ‘अरवली टेकडी’. अशा दोन किंवा अधिक टेकड्या परस्परांपासून ५०० मीटरच्या आत असतील, तर ती ‘अरवली रांग’. उंची मोजायची ती टेकडीला पूर्ण वेढणाऱ्या सर्वांत खालच्या समोच्च रेषेपासून. त्या रेषेच्या आतले सगळे उतार संरक्षणास पात्र. ही कल्पना नवी नव्हती. राजस्थान सरकार २००६ पासून आपल्या हद्दीत जवळपास हाच निकष लावत होते आणि त्याचे मूळ १९६८ सालच्या रिचर्ड मर्फी यांच्या भूरूप वर्गीकरणात होते. म्हणजे जगातील भूरूपांची ढोबळ वर्गवारी करण्यासाठी केलेली मोजपट्टी खाणकामाची परवानगी ठरवण्यासाठी वापरली गेली. शिंप्याची पट्टी सुताराने वापरावी, तसा हा प्रकार.

याला दुसरा पर्याय उपलब्ध होता. भारतीय वन सर्वेक्षण या सरकारी संस्थेने २०१० मध्ये राजस्थानातील १५ जिल्ह्यांचे नकाशे करताना उंचीऐवजी उतार धरला होता: तीन अंशांहून अधिक उतार, पायथ्याभोवती १०० मीटरचा पट्टा, आणि टेकड्यांमधील दऱ्याही हिशेबात. त्याच संस्थेच्या अंतर्गत पाहणीतील म्हणून जो आकडा वृत्तपत्रांतून पुढे आला तो असा: या १५ जिल्ह्यांतील २० मीटर वा अधिक उंचीच्या १२,०८१ टेकड्यांपैकी १०० मीटरची अट पुरी करणाऱ्या टेकड्या केवळ १,०४८ आहेत. शेकड्यात सांगायचे तर ८.७. केंद्र सरकारने हा निष्कर्ष अमान्य केला. हा आकडा शास्त्रीय आणि वस्तुस्थितीच्या कसोटीवर खरा आहे काय, हा प्रश्न न्यायालयाने स्थगिती देताना स्वतःच उपस्थित केला, यावरून त्याचे वजन लक्षात यावे.

टेकड्या एवढ्या ठेंगण्या का, याचे उत्तर त्यांच्या वयात आहे. अरवली ही जगातील अतिप्राचीन वलीपर्वतांपैकी एक. हिमालयाचा जन्म सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. अरवलीचे जुने खडक मात्र दोनशे कोटी वर्षांच्या घरातले आहेत. एवढ्या काळात ऊन, वारा आणि पाणी यांनी मूळ पर्वताची माती करून टाकली आणि जे अत्यंत कठीण होते तेवढेच उरले. दक्षिणेला अबूजवळ गुरुशिखर १,७२२ मीटर उंच आहे. तिथून गुजरात ते दिल्ली असा सुमारे सातशे किलोमीटरचा प्रवास करताना रांग उत्तरेकडे खचत, तुटत जाते आणि शेवटी गंगा-यमुनेच्या गाळात बुडते. बुडता बुडता जे टोक वर राहिले आहे त्याला दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात. राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर उभे आहे ती याच डोंगराचा अवशेष. भोवतालच्या जमिनीपासून तिची उंची सुमारे १८ मीटर. देशाचे सर्वोच्च पद ज्या टेकडीवर बसते, ती शंभर मीटरच्या मोजपट्टीवर टेकडीच ठरणार नाही. कमी उंची हा अरवलीतला दोष नसून तिच्या वयाची खूण आहे, आणि वयाला दंड करणारी व्याख्या भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने विचित्रच म्हणावी लागेल.

शाळेच्या भूगोलात अरवलीविषयी एक वाक्य हमखास असे: ही रांग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना समांतर असल्याने पाऊस अडवत नाही, म्हणून राजस्थान कोरडा. वाक्य बरोबर आहे, पण त्यातून विद्यार्थ्याच्या मनात अरवली म्हणजे नापास झालेला पर्वत अशी जी प्रतिमा तयार होते ती चुकीची. पाऊस न अडवणारी ही रांग दुसरी दोन कामे करते. ती पश्चिमेकडून येणारी वाळू थोपवते आणि पडलेला थोडका पाऊस जमिनीत पोचवते.

वाळूच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती झाली आहे. आंदोलकांच्या घोषणांत अरवली म्हणजे थरच्या वाळवंटापुढची चीनची भिंत झाली. तशी ती नाही. अजमेरपासून झुंझुनू-महेंद्रगडपर्यंत या रांगेत डझनभर मोठ्या खिंडी नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतून वाळू पूर्वेकडे सरकते. पुष्करला गेलेल्या यात्रेकरूने डोंगरांच्या कुशीत पसरलेले वाळूचे ढीग पाहिलेले असतात. ते तिथे असेच पोचले. पण म्हणून भिंत निरुपयोगी, असे म्हणणाऱ्यांनी वाळू कशी प्रवास करते ते पाहावे. वाऱ्याने वाहणारी जाड वाळू उंच उडत नाही. तिचे कण जमिनीवरून उड्या मारत पुढे जातात आणि त्यांतील बहुतेक मीटरभराच्या आतच राहतात. अशी वाळू अडवायला शंभर मीटरची टेकडी लागत नाही. वीस मीटरची, झुडपांनी झाकलेली टेकडी पुरते. पश्चिमेकडच्या पायथ्यांशी वाळूचे उतार चढलेले दिसतात, ते या अडवणुकीचेच पुरावे. हवेत शेकडो मीटर चढणारी बारीक धूळ मात्र शंभर मीटरची टेकडीही पूर्णपणे रोखू शकत नाही. म्हणजे वाळूच्या कामासाठी शंभर मीटर ही अट अनावश्यक, आणि धुळीच्या कामासाठी अपुरी.

यात आणखी एक मेख आहे. टेकडीच्या पायाशी वाळू साचली की पायाची पातळी वर येते आणि टेकडी तेवढी ‘ठेंगणी’ होते. जी टेकडी सर्वांत जास्त वाळू अडवते तीच मोजणीत नापास होण्याची शक्यता जास्त.

आता या टेकड्यांवर काय उगवते ते पाहू. अरवलीचे खास झाड म्हणजे धोक. आपल्या धावड्याचा हा सख्खा भाऊ. पाने लहान, फांद्या खाली झुकलेल्या. क्वार्टझाइटच्या ज्या उतारावर वीतभर मातीही नसते तिथे भेगेत मूळ घालून तो उभा राहतो आणि उतारच्या उतार व्यापतो. हिवाळ्यात त्याची पाने तांबूस होतात. उन्हाळ्यात सबंध डोंगर वणव्यात जळून गेल्यासारखा करडा दिसतो, इतका की नवखा माणूस जंगल मेले असे समजेल. पहिला पाऊस पडला की काही दिवसांत तोच डोंगर हिरवा होतो. शेळ्यांनी सतत खाल्ले तर धोक वर वाढण्याचे सोडून जमिनीवर सतरंजीसारखा पसरतो आणि वर्षानुवर्षे तसाच जिवंत राहतो. चराई थांबली की पुन्हा उठतो. त्याची सोबत करणारी सालई कड्यांवर, पळस आणि खैर सखल भागात, हिवर आणि नेपती कोरड्या पायथ्याशी. औषधी गुग्गुळाचे झुडूपही इथलेच. डिंकासाठी साल ओरबाडली गेल्याने ते दुर्मिळ झाले आहे.

धोकाविषयी एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण प्रशासकीय आहे. या झाडाचे फारच थोडे बी रुजते. त्याचा प्रसार मुख्यतः मुळांतून फुटणाऱ्या कोंबांनी होतो. त्यामुळे ‘एक टेकडी गेली तर बदल्यात दहा हजार झाडे लावू’ हा सरकारी हिशेब इथे लागू पडत नाही. बदल्यात जे लावले जाते ते बहुधा लवकर वाढणारे असते. दिल्लीच्या रिजवर ब्रिटिशांनी गेल्या शतकात लावलेली वेडी बाभूळ आज तिथल्या मूळ झाडोऱ्याला गिळून बसली आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात ती हिरवी दिसते, अहवालात ‘वृक्षाच्छादन’ म्हणून मोजली जाते, आणि तिच्याखाली फारसे काही उगवत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये केंद्राने ‘अरवली ग्रीन वॉल’ हा प्रकल्प सुरू केला, देशी झाडे लावण्याचे त्यात सांगितले. उपक्रम स्वागतार्ह आहे. तथापि एका हाताने भिंत लावायची आणि दुसऱ्या हाताने असलेली भिंत व्याख्येबाहेर काढायची, ही विसंगती लपत नाही.

धोकाचे मूळ जंगल कसे असते हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. दिल्लीच्या वेशीवर, फरिदाबाद आणि गुरुग्राम यांच्यामध्ये मांगर गावाची ‘बनी’ आहे. बनी म्हणजे आपल्याकडची देवराई. गुदडिया बाबांच्या नावाने राखलेल्या या रानात गुज्जर गावकरी फांदीही तोडत नाहीत. मांगरच्या परिसरात २०२१ मध्ये प्रागैतिहासिक गुहाचित्रे उजेडात आली. राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर अश्मयुगीन माणसाची चित्रे आणि न तोडलेले धोकाचे रान एकत्र असावे, आणि त्याला ‘वन’ म्हणावे की नाही यावर वर्षानुवर्षे वाद चालावा, हे आपल्या कारभाराला साजेसेच!

प्राण्यांकडे वळले की उंचीचा निकष आणखी लंगडा पडतो. अरवलीतला आज सर्वांत यशस्वी मोठा प्राणी बिबट्या. जयपूर शहराला लागून असलेल्या झालाना या सुमारे २० चौरस किलोमीटरच्या रानात बिबटे राहतात; हरिण नसले तरी मोर आणि भटकी कुत्री यांवर त्यांचे भागते. पाली जिल्ह्यात जवाई धरणाच्या परिसरात ग्रॅनाइटच्या सुट्या सुट्या टेकड्या आहेत. तिथे बिबटे कपारींत राहतात, पायथ्याने रबारी आपली जनावरे हाकत जातात आणि दोघांचे बऱ्यापैकी जमते. दिल्लीच्या असोला भट्टी अभयारण्यात, जिथे आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे, कॅमेऱ्यांनी बिबट्यांचा कायम वावर टिपला आहे. ही जागा पूर्वी बदरपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांधकामाच्या वाळूच्या खाणींची होती. बिबट्याला हवी असते ती दिवसा अंग लपवायला कपार, रात्री भक्ष्य आणि जवळपास पाणवठा. तरस, साळिंदर, रानमांजर, खोकड, वाघाटी यांचेही तसेच. यांपैकी कोणीही घर निवडताना उंची पाहत नाही.

ते पाहतात सलगता. २०२४ मध्ये सरिस्कातील एक तरुण वाघ राजस्थानची हद्द ओलांडून हरियाणातील रेवाडी जिल्ह्यापर्यंत गेला. अखेर त्याला बेशुद्ध करून दुसऱ्या व्याघ्र प्रकल्पात हलवावे लागले. तो कोणत्या वाटेने गेला असेल? शेते, खाणी आणि वस्त्या यांच्यामधून तुटक तुटक उरलेल्या टेकड्यांच्या आडोशानेच. दोन उंच टेकड्यांमध्ये पाचशे मीटरहून अधिक अंतर पडले की रांग संपली, असे कागद म्हणतो. वाघाला वा बिबट्याला पाचशे मीटर म्हणजे काहीच नाही, बशर्ते मधल्या जागेत झुडूप असावे, खडी क्रशर नसावा. ५०० मीटरच्या अटीमुळे संरक्षणाचा आवाका आकसतो काय, याची शंका न्यायालयानेही डिसेंबरच्या आदेशात व्यक्त केली आहे.

सरिस्काचे नाव निघाले आहे तर तिथला धडाही सांगायला हवा, कारण तो आंदोलकांनाही अडचणीचा आहे. २००४-०५ मध्ये सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. डोंगर जागेवर होते, जंगल जागेवर होते, व्याघ्र प्रकल्पाचा दर्जाही होता. शिकाऱ्यांनी वाघ संपवले. त्यातून सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृतिदल नेमले गेले. २००८ च्या जूनमध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने पहिला वाघ आणून सरिस्कात पुनर्वसनास आरंभ झाला आणि आज तिथे चाळीसहून अधिक वाघ आहेत. व्याख्या कितीही चांगली झाली तरी तिच्यामागे पहारा नसेल तर काय होते, ते सरिस्काने दाखवले आहे.

पक्ष्यांत अबूचे स्थान वेगळे. वाळवंटाच्या कडेला हजार मीटरहून उंच असलेल्या या माथ्यावर पाऊस भरपूर पडतो आणि तिथे सह्याद्रीतले ओळखीचे चेहरे भेटतात. आपल्या घाटांत पहाटे ओरडणारा राखी रानकोंबडा इथपर्यंत पोचतो. त्याच्या राज्याची ही उत्तर सीमा. भारताबाहेर न आढळणारी हिरवी मुनिया अबूच्या आसपास झाडीत आणि शेतांच्या कडेला हमखास दिसते. अबूवर अस्वलेही आहेत. उलट अबूखालच्या काटेरी रानांत काळ्या-पांढऱ्या रंगाचा, चिमणीहूनही लहान असा पांढऱ्या मानेचा टिट राहतो. तोही केवळ भारतातला, तोही संकटग्रस्त. स्वतः भोक पाडण्याची ताकद नसल्याने तो सुतारपक्ष्यांनी सोडलेल्या ढोल्यांत घर करतो. त्यासाठी त्याला जुनी, जाड खोडाची काटेरी झाडे हवीत. अशी झाडे उभी असतात ती पायथ्याला आणि बुटक्या टेकड्यांवर. थोडक्यात, उंच अबू अभयारण्य म्हणून सुरक्षित आहे, आणि खालच्या रानाला वाली नाही.

पाण्याचा हिशेब सगळ्यांत सरळ आहे. लुनी अजमेरजवळ उगम पावून कच्छच्या रणात जाते, बनास चंबळेला मिळते, साबरमती गुजरातेत उतरते. या तिन्हींचे पाणी अरवलीचे. साहिबी नदीही इथलीच. दिल्लीत शिरताना तिचे नाव ‘नजफगड नाला’ होते. रांगेचा क्वार्टझाइट कठीण असला तरी तडकलेला असतो आणि त्या भेगांतून पाणी खाली जाते. पायथ्याशी जिथे खडक संपून वाळू-माती सुरू होते तिथे ते सर्वाधिक मुरते. अलवर जिल्ह्यात राजेंद्र सिंह आणि तरुण भारत संघ यांनी गावकऱ्यांसह शेकडो जोहड बांधून अरवरी नदी पुन्हा वाहती केली ती याच गुणधर्माच्या बळावर. बंधारा छोटा, काम पायथ्याचा डोंगर करतो. उलट उदाहरण फरिदाबादचे. तिथल्या खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, बडखल तलाव आटला. २००२ मध्ये दिल्ली-हरियाणा सीमेलगत आणि २००९ मध्ये फरिदाबाद, गुरुग्राम, मेवातमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणबंदी केली, तोवर बरेच काही होऊन गेले होते.

मग खाणकाम नकोच का? अशी भूमिका घेणे सोपे आहे, पण प्रामाणिक नाही. अरवली आणि खाण यांचे नाते आजचे नव्हे. उदयपूरजवळ जावर येथे जस्त गाळण्याच्या मध्ययुगीन भट्ट्या सापडल्या आहेत. युरोपाला ही विद्या उमगण्याच्या कितीतरी आधी इथे जस्त मोठ्या प्रमाणावर निघत होते. ताजमहालाचा संगमरवर मकराण्याचा. शिसे, जस्त, तांबे यांची देशाला गरज आहे, आणि हजारो कुटुंबांचे पोट खाणीवर आहे. त्याच कुटुंबांतील कर्त्या पुरुषांची फुप्फुसे दगडाच्या धुळीने निकामी होतात आणि त्यासाठी राजस्थानला २०१९ मध्ये स्वतंत्र सिलिकोसिस धोरण आणावे लागले, हेही त्याच जमाखर्चात मांडले पाहिजे. शिवाय एकसमान व्याख्या हवी, ही केंद्राची मूळ भूमिका चूक नव्हती. प्रत्येक राज्याची अरवली वेगळी, आणि त्या फटीतून बेकायदा खाणवाले आरपार जातात, ही वस्तुस्थिती आहे. २०१८ मध्ये राजस्थानातील नमुना म्हणून तपासलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा लोक हनुमान होऊन टेकड्या घेऊन पळाले काय, असा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारला होता. २०२२ मध्ये हरियाणातील नूहमध्ये बेकायदा खाणकाम रोखायला गेलेल्या पोलीस उपअधीक्षकाला डंपरखाली चिरडण्यात आले. व्याख्येची गरज कोणी नाकारत नाही. वाद आहे तो ती कोणत्या गोष्टीची करायची याबद्दल.

सरकारचा मुख्य युक्तिवाद असा की भीती अवाजवी आहे: अरवलीच्या सुमारे १.४४ लाख चौरस किलोमीटरपैकी केवळ ०.१९ टक्के क्षेत्रावर खाणकामाला वाव आहे. आकडा खरा असेल. पण भागाकाराखाली घेतलेले १.४४ लाख चौरस किलोमीटर हे अरवलीच्या जिल्ह्यांचे सगळे क्षेत्र आहे. त्यात शेते, शहरे, वाळवंट सारेच आले. खाण डोंगरात असते. तिची टक्केवारी डोंगराशी काढायची की जिल्ह्याशी? पुणे जिल्ह्याच्या क्षेत्रफळाशी तुलना केली तर सिंहगडही नगण्य ठरेल. दुसरे म्हणजे, व्याख्येबाहेर पडलेली टेकडी केवळ खाणीला मोकळी होते असे नाही. गुरुग्राम आणि फरिदाबादच्या परिसरात खाणीहून मोठी भूक घरबांधणीची, शेतघरांची आणि कचराभूमीची आहे. संरक्षित वने आणि अभयारण्ये यांना व्याख्येचा धक्का लागणार नव्हता हे खरे. मात्र अरवलीचा मोठा भाग या दोहोंत मोडतच नाही. तो गावाचा गायरान, महसुली पडीक, नाहीतर खासगी मालकीचा आहे.

मराठी वाचकाला हा वाद अनोळखी वाटू नये. पश्चिम घाटाच्या बाबतीत गाडगीळ समितीने २०११ मध्ये एक सीमा आखली, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये दुसरी, आणि मधल्या फरकात किती गावे, किती खाणी, किती डोंगर येतात यावरच पुढची सारी वर्षे खर्ची पडली. तिथेही शास्त्राचा प्रश्न हळूहळू सीमारेषेचा झाला आणि सीमारेषेचा प्रश्न वाटाघाटीचा.

स्थगितीच्या आदेशात न्यायालयाने नव्या तज्ज्ञ समितीचा मानस व्यक्त केला. या प्रकरणातील न्यायमित्रांनी पूर्वीच शंभर मीटरला आक्षेप घेऊन वन सर्वेक्षणाची उताराची पद्धत पुढे केली होती. ती पद्धत सुरुवात म्हणून निश्चितच बरी आहे, कारण तिच्यात पायथा आणि दऱ्या येतात. त्यावर भूजल पुनर्भरणाचे नकाशे आणि वन्यप्राण्यांचे मार्ग ठेवता येतील. दोन्हींसाठी लागणारी माहिती सरकारी संस्थांकडेच आहे. जिथे या तिन्हींपैकी काहीच नाही, अशा जागी खाणीला परवानगी देण्यात फारसा कोणाचा विरोध नसावा.

एक प्रश्न मात्र कोणतीही पद्धत निवडली तरी आधी सोडवावा लागेल: मोजणी कोणत्या सालच्या नकाशावर करायची? समजा, एखादी टेकडी १९६०च्या दशकातील सर्वेक्षणात ११० मीटर भरली होती आणि पन्नास वर्षे सुरुंग लावून ती ९० वर आणली गेली. आजच्या मोजणीत ती अरवली राहणार नाही आणि उरलेली ९० मीटर तोडायला कायदेशीर खाणपट्टा मागता येईल. नाहीशा झालेल्या ज्या ३१ टेकड्या न्यायालयासमोर आल्या, त्यांचा शोध १९६७-६८ च्या नकाशांशी ताडून लागला होता. ते नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या दप्तरात आजही आहेत.